हळदीखालचा दगड

देवी टोचणाऱ्या माणसाला दगडांतलं काय कळतं, हा प्रश्न मला आजवर इतक्या लोकांनी विचारला आहे की आता समोरच्यानं तोंड उघडायच्या आतच मी चिडायला लागतो. आमच्या आळीतला सोनार ख्याल गातो, वकील आंब्याची कलमं बांधतात, पोस्टमास्तर होमिओपॅथीच्या गोळ्या देतात आणि त्या गोळ्यांनी माणसं उठून बसल्याचं शपथेवर सांगतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. मी मात्र खिशातून दगड काढला रे काढला की, "अहो, तुम्ही तर देवी टोचता ना?" टोचतो! म्हणून काय माझे डोळे फुटले?

उलट देवी टोचत होतो म्हणूनच दगडांपर्यंत पोचलो. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. माझ्याकडे मुळशीतली गावं होती. माण, चांदे, तिकडून वर कोळवणच्या खोऱ्यापर्यंत. खांद्याला पिशवी, पिशवीत लशीच्या नळ्या, टोचणी, टोचणी पोळवून घ्यायला स्पिरिटचा दिवा आणि एक बाटली स्पिरिट. मी गावाच्या वेशीत पाऊल टाकलं की आख्ख्या गावातली पोरं नाहीशी होत. कणगीत, माळ्यावर, गोठ्यात गवताखाली. एका घरात तर मला शपथेवर सांगण्यात आलं की इथं मूलच नाही, आणि सांगणाऱ्या बाईच्या मागे पाळणा हलत होता. लोकांचा धीर गोळा होईपर्यंत दोन-तीन तास जात. एवढ्या वेळात माणसानं करायचं काय? माझ्या आधीचा गृहस्थ पत्ते खेळायचा. मी जिथं विहीर खणणं चालू असेल तिथं जाऊन बसायचो.

विहिरीच्या तोंडाशी जो उपशाचा ढीग पडतो ना, तो म्हणजे जमिनीच्या पोटातला बाजार. आपला हा काळा पाषाण वरून बघाल तर रूक्ष, रागीट. पण फोडत खाली गेलं की मध्येच त्यात पोकळी लागते, नारळाएवढी, कधी घागरीएवढी, आणि तिच्या आतल्या भिंतींना स्फटिक लटकलेले असतात. पांढरे, फिकट हिरवे, दुधी, मोरपिसासारखे पसरलेले. विहीर खणणारे त्या सगळ्याला एकच नाव देत, गारगोटी, आणि ढिगावर भिरकावत. मला भडभडून यायचं. मी गोळा करू लागलो. कॅल्साइट ओळखायला शिकलो: तिरप्या चौकटीत फुटतो, आणि त्यावर लिंबू पिळलं की बारीक बुडबुडे येतात. घरी दगडांचं एक फडताळ झालं. बायकोनं त्यातला सगळ्यात वजनदार नमुना उचलून लोणच्याच्या फोडींवर दडपण म्हणून ठेवला आणि वर मलाच म्हणाली, "निदान एक तरी कामाला आला."

मग मला ती काच मिळाली.

पुण्यात एक त्वचारोगाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे एक परदेशी दिवा होता. गजकर्ण झालेल्या डोक्यावर त्याचा उजेड पाडला की केस हिरवे चमकत आणि रोग ओळखू येई. तो दिवा जळून गेला. पण त्याच्या तोंडावरची काच शाबूत होती. दिसायला काळीकुट्ट, सूर्याकडे धरली तर जांभळट. ही काच डोळ्यांना दिसणारा उजेड अडवते आणि न दिसणारा पुढे सोडते, असं डॉक्टरांनी मला समजावलं. त्याला अतिनील किरण म्हणतात. "आणि काही दगडसुद्धा त्यात चमकतात म्हणे," ते सहज म्हणाले. मी ती काच मागून घेतली. मागून म्हणजे, ते "नको" म्हणायच्या आत रुमालात बांधली.

आता दिव्याचं काय? माझ्या गावांत वीज नव्हती. पण न दिसणारे किरण उन्हातसुद्धा असतातच की! मी चहाचं एक खोकं घेतलं, वरच्या फळीला चौकोनी भोक पाडून त्यात काच बसवली, एका बाजूची फळी डोकं आत जाण्यापुरती काढली. खोकं उन्हात ठेवायचं, आत दगड ठेवायचा, आपण डोकं आत घालायचं आणि वरून घोंगडी पांघरायची, म्हणजे दुसरा उजेड शिरायला नको. भर दुपारी, चैत्र-वैशाखात, घोंगडीखाली! घामानं माणूस विरघळायचा. पण आतल्या त्या जांभळट अंधारात एखादा दगड हळूच उजळू लागला, की मी घाम विसरायचो, नोकरी विसरायचो. शंभरातला एखादाच उजळे. माणच्या पिशवीभर दगडांतून एकही नाही. चांद्याचा एक, फिकट निळसर, तोही अंगचोर. मी वही घातली होती: गाव, किती हातांवर सापडला, कसला रंग. ती वही बघून माझा वरिष्ठ म्हणाला, "टोचलेल्या मुलांची नोंद इतकी नीट ठेवलीत तर बरं." बघा. याला म्हणतात गुणग्राहकता.

हे झालं पुराण. आता खरी गोष्ट.

कोळवणच्या खोऱ्यात एक बाई विहीर खणून घेत होती. पन्नाशीची, विधवा, उंचीनं माझ्या खांद्याला आणि आवाजानं माझ्या दुप्पट. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणायचो. पावसाळ्यात तिचं भात उत्तम यायचं; दिवाळीनंतर जमीन नुसती उताणी पडलेली. बाजूच्या खाचराला पाणी मिळालं तर गहू होईल, हरभरा होईल, असं ती दहा वर्षं म्हणत होती आणि अखेर तिनं मनावर घेतलं. खणणारं जोडपं मोठं कसबी होतं, नवरा सुरुंगाची भोकं पाडायचा, बायको उपसा काढायची. वीस हातांवर खडक ओलसर झाला होता, पाझर लागला होता. पण वरचे सात-आठ हात मऊ मुरूम होता. पावसाच्या आत त्याला आतून दगडाचं बांधकाम झालं पाहिजे, नाहीतर पहिल्या मोठ्या सरीलाच काठ खचणार आणि वीस हात खणलेलं सगळं बुजून जाणार. मृगाला महिनाभर उरला होता.

पाझराच्या थरातून निघालेला पहिला स्फटिकाचा दगड मावशीनं विहिरीच्या काठावर मांडला होता. आमच्याकडे पद्धतच आहे. पाण्यातल्या सात देवी, साती आसरा, त्यांचा मान म्हणून. रोज सकाळी ती त्याच्यावर पाणी घाली, हळदकुंकू वाही, मग खणणारा खाली उतरे. दगड असा देखणा की काय सांगू. मुठीएवढे कॅल्साइटचे स्फटिक, एकमेकांच्या अंगावर रेललेले.

"मावशी, हा मला दोन दिवस देता?"

"द्याला काय बटाटा हाय? आसरांचा हाय त्यो."

"तुकडा तरी."

कडेचा एक स्फटिक सुटा झाला होता. तो तिनं नाइलाजानं हातावर ठेवला. "पर धुवायचा न्हाई, सांगून ठिवते. देवाचा हाय. तुमी देवीचं डागदर, तुमाला येवढं कळाय पायजे."

मी शब्द दिला आणि, मूर्खासारखा, पाळलाही.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं! दगडाच्या फटींत पिवळेपणा मुरलेला मला दिसत होता. मुरमाचा असेल म्हणून मी सोडून दिला. जन्मभर हळदीच्या वरणावर पोसलेला माणूस! खोक्यात तो तुकडा ठेवला, घोंगडी ओढली, आणि दचकून डोकं वरच्या फळीवर आपटलं. पिवळाहिरवा, झणझणीत, काजव्याच्या रंगाचा उजेड, फटीफटीतून. असा प्रकाश मी कधी पाहिला नव्हता. वाचला मात्र होता. एका उसन्या इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं की युरेनियमची काही खनिजं अशी पिवळीहिरवी चमकतात. मी घोंगडीखालून बाहेर आलो तो थेट वही शोधायला लागलो.

पुण्यात रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहत. दर रविवारी त्यांच्या ओसरीवर विज्ञानाची आवड असलेले दहा-बारा लोक जमत. मीही जात असे. मला कोपऱ्यातली पाठ नसलेली खुर्ची मिळे. मी त्यांना पत्र लिहिलं. त्यात "कदाचित" हा शब्द मी सहा वेळा घातला होता, मला पक्कं आठवतं. प्राध्यापकांनी ते सहाही "कदाचित" गाळून वर कळवलं. अणूचे दिवस होते ते. पेपर उघडावा तर अणू. वरून आणखी वर कळवलं गेलं, आणि तिथून आदेश सुटला, तो खाली खाली येत येत एका कचेरीत पोचला. त्या कचेरीचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर माझा रक्तदाब वाढतो.

आठवड्यानं मी कोळवणला गेलो तर विहिरीभोवती दोरी बांधलेली. दोरीला कागद लटकवलेला: पुढील आदेशापर्यंत खणण्यास मनाई. खणणारं जोडपं बाभळीखाली बसलं होतं. मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि ती माझीच वाट बघत होती.

"या डागदर. काय केलंत ह्ये?"

"मावशी, अहो, मी फक्त एक पत्र..."

"पतार! माज्या इहिरीत बाँब हाय म्हनं. पोरं हितं फिरकंनात. ह्ये दोघं आटवड्यानं घाटाखाली दुसऱ्या कामाव जायाचं. मंग मी काय करू? वाटीनं उपसू व्हय?"

"मी मिटवतो."

"मिटवा. न्हाईतर ह्या गावात कुनाचं पोर टोचून दाखवाच तुमी."

ही धमकी पोकळ नव्हती. एका हाकेसरशी तिनं खोऱ्यातली सगळी दारं माझ्या तोंडावर बंद केली असती. पण खरं सांगतो, मला त्याहून लागलं ते त्या जोडप्याकडे बघून. त्या बाईनं पाटी उपडी घालून ठेवली होती आणि तिच्यावर बसली होती, कामच नाही तर पाटीचा उपयोग काय म्हणून.

कचेरीतले भाऊसाहेब सायकलवरून आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा लेंगा, कपाळावर कायमची आठी.

"भाऊसाहेब, तपासणी तरी करा. याला मोजायचं यंत्र असतं."

"यंत्र येणार आहे."

"कधी?"

"पावसाळ्यानंतर."

"पावसाळ्यानंतर इथं विहीर उरणार नाही!"

"मग तपासायचा प्रश्नच मिटला," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. ते विनोद करत नव्हते, हे मला आजही खपत नाही. निदान विनोद तरी करायचा!

मी हट्टाला पेटलो. खोकं आणलं, काठावरचा मोठा दगड आत ठेवला आणि म्हटलं, "भाऊसाहेब, ज्याच्यावर बंदी घातलीत ते एकदा डोळ्यांनी बघा." टोपी काढून ठेवायला त्यांनी बराच वेळ घेतला. मग डोकं आत गेलं. मी घोंगडी टाकली. बाहेर सायकल, लेंगा आणि दोन पाय एवढेच भाऊसाहेब उरले.

"दिसतंय?"

"दिसतंय," आतून आवाज आला. "बाप रे. फिरवा जरा."

मावशीनं घोंगडीखाली हात घातला आणि दगड फिरवायला गेली. आतून अशी किंकाळी आली की बाभळीवरचे कावळे उडाले.

"हात! हात पेटलाय! बाईंचा हात!"

मी त्यांना ओढून काढलं आणि स्वतः आत शिरलो. मावशीचा हात खरंच चमकत होता. बोटांची पेरं, नखांच्या कडा, तळव्यावरच्या रेषा, सगळं त्याच पिवळ्याहिरव्या रंगात. सकाळीच तिनं पूजा केली होती आणि कोरड्यास, म्हणजे कालवणही, रांधलं होतं.

मी घोंगडीखालून ओरडलो, "मावशी, हळद!"

"हळद काय?"

"हळद चमकते! दगडावरची हळद!"

"मंग?" बाहेरून आवाज आला. "चमकना का. घरची हाय. भेसळ न्हाई तितं."

मला नाचावंसं वाटलं, आणि मी थोडा नाचलोही. युरेनियम नाही, बाँब नाही, फक्त हळद! पण शास्त्र म्हणजे शास्त्र. हळद काढून दाखवल्याशिवाय पुरावा कसला? दगड धुवायला हवा होता. मावशीचा चेहरा कठोर झाला. मग ती म्हणाली, "आसरांना इचारते," आणि दगडाच्या दोन अंगांना दोन चाफ्याची फुलं लावून कौल मागायला बसली. उजवं पडलं तर होकार. क्षणात उजवं पडलं. मला वाटतं तिनं किंचित फुंकर मारली होती. आसरांची हरकत नव्हती, आपल्याला काय?

पाण्यानं हळद जाईना. मी पिशवीतली स्पिरिटची बाटली काढली. सरकारी स्पिरिट, टोचणीसाठीचं! ताटलीत दगड ठेवून वरून ओतलं तसा पिवळा लोंढा फटींतून वाहत ताटलीत आला. ताटली काचेखाली धरली तर आतलं स्पिरिट असं हिरवं झळाळलं की भाऊसाहेब घोंगडीसकट दोन पावलं मागे सरले. आणि मग मी धुतलेला दगड आत ठेवला.

हे मात्र मला सावकाश सांगू द्या. हिरवा गेला होता. तिथं आता एक मवाळ गुलाबी उजेड होता, पहिल्यांदा असेल-नसेल असा वाटणारा, मग डोळे सरावले की स्फटिकाच्या पोटातून येणारा. बाहेरून लावलेला नाही, दगडाचा स्वतःचा. काचेवर बाहेरून हात ठेवून ऊन अडवलं तरी एक क्षणभर तो राहिला, मगच विझला. हळदीखाली इतके दिवस हे होतं. चार वर्षं मी ऊन-घाम खाऊन जे शोधत होतो, ते या विहिरीत वीस हातांवर होतं, निरुपद्रवी, साधा कॅल्साइट. मी भाऊसाहेबांना जवळजवळ मिठी मारली. "बघा! बघा तरी!"

आधी मावशीनं पाहिलं, मग त्यांनी. बाहेर आले. टोपी घातली.

"म्हणजे चमकतोच की."

"अहो, पण हा वेगळा..."

"चमकतो की नाही?"

"चमकतो, पण धोका नाही त्याच्यात! कित्येक दगड चमकतात!"

"साहेब," भाऊसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "आदेश चमकणाऱ्या दगडाबद्दल आहे. कागदावर दोन रकाने आहेत. चमकतो. चमकत नाही. चमकतो पण धोका नाही, असा रकाना नाही."

"मग करा एक!"

"तो अधिकार मला नाही."

मी दुसऱ्याच दिवशी पहिल्या एस.टी.नं पुण्याला गेलो. प्राध्यापक झोपाळ्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, हात चमकल्यापासून. ते हसले नाहीत. त्यांची मुद्रा अशी झाली, जणू मीच त्यांच्या अंगावर हळद उडवली होती.

"हळद? आता मी वर काय कळवू? अणुखनिज नव्हे, वरणाचा मसाला सापडला?"

"हो, तेच. खरं आहे ते."

"माझी काही पत आहे तिथं. यंत्र येऊ द्या, तोवर थांबा."

"विहीर थांबणार नाही, सर. पाऊस थांबणार नाही."

"तुम्ही देवी टोचता ना?" ते म्हणाले. "मग टोचत राहा."

पाठ नसलेल्या त्या खुर्चीवर मी पुन्हा कधी बसलो नाही. आजही त्या आळीतून जाताना मी पलीकडच्या बाजूनं चालतो, तेही जरा पाय आपटत.

जोडपं घाटाखाली जायला चार दिवस उरले होते. विचार करायला मला एक रात्रसुद्धा लागली नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. कचेरीत गेलो. भाऊसाहेबांनी कागद पुढे सरकवला आणि स्वतः मजकूर सांगू लागले. सदर दगड धुऊन तपासला असता कोणत्याही प्रकाशात चमकत नाही. पूर्वी जे दिसले ते हळदीमुळे व माझ्या अज्ञानामुळे दिसले.

"अज्ञान काढा," मी म्हणालो.

"अनवधान चालेल?"

"चालेल."

"मग 'अनवधानाने' लिहा. आणि 'कोणत्याही' खाली रेघ मारा."

मी रेघ मारली. इतक्या जोरात की निब फाकलं. खोटं बोलायला माझी ना नाही. आजारी आहे म्हणून रजा मीही घेतलेली आहे. पण हे खोटं माझ्या वहीतल्या एकमेव खऱ्या शोधाबद्दल होतं. ज्या गुलाबी उजेडासाठी मी इतकी वर्षं डोकं खोक्यात घातलं, तो नाही, असं मी माझ्या हस्ताक्षरात, रेघ मारून, सरकारला लिहून दिलं. भाऊसाहेबांनी शाईवर टीपकागद दाबला आणि म्हणाले, "झालं की. एवढं सोपं होतं."

सोपं!

दुसऱ्या दिवशी दोरी सुटली. जोडपं घाटाखाली जायचं थांबलं. नंतरचे पंधरा दिवस मी टोचणी सांभाळून जमेल तेव्हा तिथं जात होतो आणि खाली दगड सोडायला हात लावत होतो. मृग दोन दिवसांवर असताना वरचं बांधकाम पुरं झालं. आणखी दोन हातांवर पाणी लागलं, आधी मातकट, मग स्वच्छ. मावशीनं खणणाऱ्या बाईला खण-नारळ देऊन ओटी भरली. मला गूळ दिला, आणि त्या आनंदात मी, गाढव, सगळं सांगून टाकलं. कागद, रेघ, सगळं.

उरलेला गूळ तिनं पदराखाली घेतला.

"काय लिवून दिलंत?"

"की दगड चमकत नाही. त्याशिवाय दोरी सुटत नव्हती, मावशी."

"माज्या इहिरीचा दगड चमकत न्हाई?"

"कागदापुरतं."

"कुनाला इचारून?" ती कडाडली. "मी आख्ख्या खोऱ्यात सांगून आले की माज्या आसरा गुलाबी उजेड देत्यात. भैनीला सांगितलं, याह्यांना सांगितलं. आन तुमी सही करून सांगताय न्हाई म्हून? मी खोटी पडले का न्हाई?"

"विहीर वाचली ना पण!"

"इहीर वाचली, मान गेली. डागदर, तुमी जसं लिवलंत तसं निस्तरा."

मी विहीर वाचवली, माझा शोध जाळला, आणि शिव्या मलाच! मी रागावलो. तिथल्या तिथं बोललोही: "मावशी, तुमच्यासाठी मी खोटा झालो!" ती म्हणाली, "व्हय, त्येच म्हनते मी. खोटं कशापायी झालासा? मला इचारलं असतं तर म्या त्या भाऊसायबाला सरळ केला असता." आणि मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की खरंच केला असता. मी विचारलं नव्हतं. पत्र लिहितानाही नाही, रेघ मारतानाही नाही. दगड तिचा, विहीर तिची, आणि दोन्ही वेळेला कागद मी परस्पर केला होता. या गोष्टीत मी सगळ्यांवर चिडलो आहे, तेव्हा इथं स्वतःला वगळणं बरं दिसणार नाही.

म्हणून निस्तरलं. रोहिण्यांची शेवटची उन्हं होती, आभाळ भरून यायच्या आधीची. विहिरीच्या काठी खोकं मांडलं, धुतलेला दगड आत ठेवला, आणि मावशीनं खोऱ्याला सांगावा धाडला. माणसं आली. बायका, म्हातारे, आणि पोरंसुद्धा, जी मला बघून कणगीत लपायची ती आज हुज्जत घालत होती की पहिला नंबर कुणाचा. एकेकाचं डोकं आत जाई, घोंगडी पडे, मग आतून "आयाया!" मावशी बाजूला उभी राहून प्रत्येकाला बजावत होती, "हात धुऊन बगा. हळद आसंल त्येनं लांब राहा." माझ्याकडे बघून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "डागदर, ह्यो उजेड कुनी घातला आत?" मी म्हणालो, "कुणी नाही, त्याचाच आहे." तो मान हलवत परत रांगेच्या शेवटी गेला.

रांगेत तिसऱ्या-चौथ्या जागी मला पांढरी टोपी दिसली. भाऊसाहेब. सायकल बांधाला टेकवलेली. पुढचे दोघं-तिघं बाजूला झाले. मावशीनं घोंगडीचं टोक स्वतः उचललं. "या भाऊसायेब, वाका."

ते वाकले. आत गेले. बराच वेळ गेला. मागची माणसं चुळबुळ करू लागली, एक पोर म्हणालं, "झोपलं जनू." अखेर ते बाहेर आले. घामानं निथळत होते, केस विस्कटलेले, आणि ती कपाळावरची आठी कुठं गेली होती कोण जाणे.

"दिसलं का?" मावशीनं विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग टोपी नीट केली.

"कचेरीचा माणूस म्हणून मला काही दिसलेलं नाही," ते म्हणाले. लेंगा झटकला. "उद्या रविवार आहे. उद्या घरच्या मंडळींना घेऊन येतो. ऊन किती वाजेपर्यंत असतं इथं?"

"दोनपर्यंत, मंग आभाळ येतं," मावशी म्हणाली. "आन त्यास्नी म्हनावं, हात धुऊन या."